बोटाने केलेला प्रवास : छापील नकाशा आणि ॲटलस वाचण्याची रीत

फोनवर नकाशा उघडला की सगळ्यात आधी एक निळा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे आपण. उरलेलं जग त्याच्याभोवती मांडलेलं असतं, आणि आपण हललो की तेही सरकतं. ॲटलसला मात्र तुम्ही कुठे बसला आहात याचा पत्ताच नसतो. पान ८४ वर काळा समुद्र आहे म्हणजे आहे. तुम्ही उठून गेलात, दोन दिवसांनी परत आलात, तरी तो तिथेच. तिथवर पोचायचं काम तुमचं.

घरबसल्या प्रवास करणाऱ्यांना कागदी नकाशा अजून का खेचतो, याचं माझं उत्तर एवढंच आहे. रस्ता शोधायला फोन उत्तम. मीही तोच वापरते. पण जिथे जायचंच नाही अशा ठिकाणी तासभर रमायचं असेल, तर न हलणारा कागद लागतो. स्क्रीनवर आपण विचारलं तेवढं दिसतं. पानावर न विचारलेलंही शेजारी छापलेलं असतं, आणि सगळी गंमत त्या शेजारात असते. अडचण अशी की नकाशा वाचायला आपण शाळेत परीक्षेपुरतं शिकलो आणि पेपर देऊन मोकळे झालो. म्हणून ही रीत पहिल्यापासून सांगते.

ॲटलस पारखून घ्या

ॲटलस हातात आला की जगाचं मोठं पान उघडून भुलू नका. तुम्हाला खडान्‌खडा माहीत असलेला एखादा प्रदेश काढा. तिथली लहान नदी दाखवली आहे का? बंद पडलेला रेल्वेमार्ग अजून धावतोय का? गावांची नावं नीट आहेत का? ओळखीच्या पानावर चार चुका सापडल्या, तर अनोळखी पानांवरही त्या असणारच. फक्त तिथे त्या आपल्याला कळणार नाहीत.

मग पुस्तक टेबलावर पूर्ण उघडा आणि मधली शिवण पाहा. माझ्या पहिल्या मोठ्या ॲटलसमध्ये ऱ्हाईन नदीचा बराच भाग शिवणीत गडप झाला होता. कलोन शोधायला मी पानं दाबत राहिले आणि शेवटी पुस्तकाची पाठच मोडली. चांगले प्रकाशक शिवणीजवळचा पट्टा दोन्ही पानांवर पुन्हा छापतात किंवा पानं सपाट उघडतील अशी बांधणी करतात.

नामसूची तपासा. मोठ्या ॲटलसमध्ये दोन लाखांवर नावं असतात, साध्या घरगुती ॲटलसमध्ये काही हजार. नावापुढे पान आणि चौकटीचं अक्षर असतंच; त्यासोबत अक्षांश-रेखांशही दिले असतील तर ते पुस्तक मन लावून केलेलं आहे असं समजा. झेंडे, लोकसंख्येचे तक्ते आणि प्राण्यांचे फोटो जितके जास्त, तितके नकाशे कमी, हा माझा अनुभव. शंभर पानांच्या पुस्तकात चाळीस पानं सजावटीची असतील तर सरळ खाली ठेवा.

पुस्तक किती ताजं आहे हे पाहायला तीन नावं पुरतात. दक्षिण सुदान वेगळा दाखवला असेल तर ते २०११ नंतरचं. स्वाझीलँडऐवजी एस्वातिनी असेल तर २०१८ नंतरचं, आणि उत्तर मॅसिडोनिया असेल तर २०१९ नंतरचं. पण ताजेपणाचा फार सोस नको. पर्वत आणि नद्या दहा वर्षांत फारशा हलत नाहीत, आणि जुन्या ॲटलसची मजा वेगळीच, तिच्याकडे पुढे येतेच.

जाता जाता एक गोष्ट. आपण ज्याला आधुनिक ॲटलस म्हणतो त्याचा पहिला नमुना अब्राहम ऑर्टेलियसने १५७० साली अँटवर्पमध्ये छापला. त्याआधी हौशी मंडळी मिळतील ते लहानमोठे नकाशे गोळा करून एकत्र बांधून घेत. ऑर्टेलियसने ५३ नकाशे एकाच आकारात, एकाच धाटणीत आणले आणि ज्यांच्या कामावरून ते घेतले त्या नकाशाकारांची नावंही दिली. ‘ॲटलस’ हा शब्द मात्र मर्केटर या नकाशाकाराच्या संग्रहावरून रुळला. तो १५९५ साली, त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी बाहेर पडला. मर्केटरच्या मनातला ॲटलस म्हणजे ग्रीक पुराणातला, आकाश खांद्यावर घेतलेला दैत्य नव्हता. तो उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन मॉरिटानियाचा एक विद्वान राजा होता, आकाशाचा अभ्यास करणारा.

टेबलावर काय हवं

फार काही नाही. एक भिंग, वीतभर सुती दोरा, कंपासपेटीतलं कर्कटक, पट्टी, मऊ शिशाची पेन्सिल, कागदाच्या चिठ्ठ्या आणि एक वही. प्रकाश बाजूने यावा. डोक्यावरचा दिवा गुळगुळीत पानावर चमकतो आणि नेमकं हवं तेच नाव झाकतो. पेन जवळ ठेवू नका. कधीतरी हात चुकतोच.

प्रमाण : पाच शून्यं खोडा

नकाशाचं पान उघडलं की नजर आधी कोपऱ्यातल्या प्रमाणाकडे जाऊ द्या. १ : २५,००,००० असं लिहिलेलं असेल तर शेवटची पाच शून्यं मनात खोडा. उरले २५. म्हणजे पानावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर २५ किलोमीटर. १ : १,००,००,००० असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे १०० किलोमीटर. पायी हिंडणाऱ्यांच्या १ : ५०,००० च्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर.

हे इतकं सोपं असूनही जवळपास सगळेच इथे फसतात. कारण पान बदललं की प्रमाण बदलतं, पण पानाचा आकार तोच राहतो. पश्चिम युरोपला भरपूर पानं मिळतात, सायबेरिया एका पानात कोंबलेला असतो. डोळ्याला दोन्ही सारखेच वाटतात. चौकटीतले उपनकाशे तर याहून फसवे. अमेरिकेच्या नकाशात अलास्का खालच्या कोपऱ्यात एका चिमुकल्या चौकटीत बसवलेला असतो, शेजारी टेक्सास ऐसपैस पसरलेला. प्रत्यक्षात अलास्का टेक्सासच्या जवळपास अडीचपट आहे.

यावर एक साधा उपाय आहे. तुम्ही अनेकदा केलेला एखादा प्रवास घ्या, समजा १५० किलोमीटरचा. कागदाच्या चिठ्ठीवर त्या पानाच्या प्रमाणात तेवढी लांबी आखा. १ : २५,००,००० ला ती सहा सेंटिमीटर होईल, १ : १,००,००,००० ला जेमतेम दीड. ही चिठ्ठी पानावर सरकवत न्या. ‘इथून तिथे म्हणजे माझा तो कंटाळवाणा प्रवास सात वेळा’ असं समजलं की आकडा अंगाला भिडतो.

सगळ्या जगाला एकच प्रमाण लावायचा प्रयत्नही झाला होता. जर्मन भूगोलज्ञ आल्ब्रेख्त पेंकने १८९१ साली बर्नच्या परिषदेत सुचवलं की सगळे देश मिळून पृथ्वीचा नकाशा १ : १०,००,००० या प्रमाणात, एकाच पद्धतीने काढू. कित्येक दशकं काम चाललं, शेकडो पत्रकं निघाली, पण तो नकाशा पुरा झाला नाही.

हिरवं म्हणजे रान नव्हे

लहानपणी मला वाटायचं की नकाशातला हिरवा रंग म्हणजे जंगल आणि पिवळा म्हणजे वाळवंट. मोठी माणसंही असं समजतात. प्राकृतिक नकाशात रंग फक्त उंची सांगतो. सखल भाग हिरवा, चढत गेलं की पिवळा, मग तपकिरी, शेवटी जांभळा किंवा पांढरा. एडिनबरोच्या बार्थोलोम्यू घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही रंगांची उतरंड लोकप्रिय केली आणि ती जगभर रुळली.

खात्री करायची असेल तर इजिप्तचं पान काढा आणि वायव्येला कत्ताराचा खोलगट भाग शोधा. समुद्रसपाटीपेक्षा १३३ मीटर खाली गेलेली जमीन, म्हणून पानावर गर्द हिरवी. प्रत्यक्षात तिथे मीठ, वाळू आणि उजाडपणा.

आता कडेची रंगपट्टी नीट पाहा. तिच्या पायऱ्या सारख्या नसतात. शून्य ते २००, २०० ते ५००, मग एकदम १,००० ते २,०००, वर २,००० ते ४,०००. म्हणजे एकाच तपकिरी डागात दोन हजार मीटरांचा चढ लपलेला असू शकतो, आणि हिरव्या-पोपटी सीमेवर जिथे काहीतरी घडतंय असं वाटतं तिथे प्रत्यक्षात पायाला कळणारही नाही असा उतार असतो.

डोंगरांना उठाव देणाऱ्या सावल्या हा आणखी एक चमत्कार. नकाशाकार उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून, म्हणजे वायव्येकडून आला असं धरून सावली घालतो. उत्तर गोलार्धातल्या बहुतेक देशांत भरदुपारी सूर्य तिथे कधीच नसतो. तरीही तसंच करतात, कारण उजेड वरून येतो असं आपला मेंदू धरून चालतो. विश्वास बसत नसेल तर आल्प्सचं पान उलटं फिरवा आणि थोडा वेळ टक लावून पाहा. डोंगररांगा दऱ्या होतील आणि दऱ्या उभ्या राहतील. पाहुण्यांना दाखवायला हा खेळ छान आहे.

अक्षरंही वाचायची असतात. बहुतेक ॲटलसमध्ये पाण्याची नावं तिरप्या, निळ्या अक्षरांत असतात आणि गावाचं नाव जितकं ठळक तितकं गाव मोठं. पर्वतरांगेचं नाव मात्र अक्षरं लांब लांब टाकून पसरलेलं असतं. कार्पेथियनचं एक अक्षर इथे, पुढचं तीन बोटं पलीकडे. ती अक्षरं गोळा करत गेलं की रांग कुठून कुठे जाते ते आपोआप कळतं. तुटक निळी रेघ म्हणजे वर्षभर न वाहणारी नदी. वाळवंटाच्या पानांवर अशा रेघा पुष्कळ, आणि त्यातल्या कित्येक कुठेच पोचत नाहीत. अशा एखाद्या नदीच्या मागे जाऊन ती जिरते तिथे थांबणं, हा माझा आवडता छोटा प्रवास.

प्रक्षेपणाबद्दल थोडक्यात. गोल पृथ्वी सपाट कागदावर आली की काही ना काही बिघडतंच. मर्केटरने १५६९ साली खलाशांसाठी काढलेल्या नकाशात दिशा खऱ्या राहतात, पण ६० अक्षांशावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसतं. म्हणून त्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढा वाटतो. खरी आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. पानावरच्या रेखावृत्तांकडे पाहा. ती एकमेकांना समांतर, सरळ उभी असतील आणि अक्षवृत्तांमधलं अंतर ध्रुवांकडे वाढत जात असेल, तर आकारमानावर विश्वास ठेवू नका.

एक रेषा धरा

ॲटलस चाळणं वेगळं आणि त्यातून प्रवास करणं वेगळं. चाळताना तासाभरात पाच खंड होतात आणि काहीच लक्षात राहत नाही. प्रवास करायचा तर एक रेषा धरा: नदी, रेल्वेमार्ग, सीमा, एखादं अक्षवृत्त. ती सुटू द्यायची नाही, एवढाच नियम. पहिल्या खेपेला नदीच घ्या. तिला सुरुवात आहे, शेवट आहे आणि ती उलटी फिरत नाही.

मी डॅन्यूब सुचवेन. लांबी सुमारे २,८५० किलोमीटर, म्हणजे १ : २५,००,००० ला ११४ सेंटिमीटर. तीन-चार पानं उलटावी लागतात, दोनएक बैठका पुरतात.

जर्मनीच्या नैऋत्येला, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी डोनाउएशिंगेन शोधा. भिंग लागेल. तिथे दोन छोटे प्रवाह मिळतात आणि नदीला नाव मिळतं. बोट लगेच पुढे नेऊ नका, आधी शेजार पाहा. दक्षिणेला जेमतेम सव्वा सेंटिमीटरवर ऱ्हाईन वाहते आहे. एवढ्या जवळच्या दोन नद्या, एक उत्तर समुद्राला जाणार आणि दुसरी काळ्या समुद्राला. जमिनीखाली तर त्यांच्यात देवाणघेवाणही चालते. थोडं पुढे इमेंडिंगेनजवळ डॅन्यूबचं पाणी चुनखडीच्या भेगांतून खाली जिरतं, काही किलोमीटरवर आखच्या झऱ्यातून वर येतं आणि ऱ्हाईनला मिळतं. एकाच नदीचं थोडं पाणी एका समुद्राला, उरलेलं दुसऱ्या. हे नकाशावर छापलेलं नसतं. पण त्या दोन रेषा इतक्या जवळ दिसल्या म्हणून मी शोधायला गेले आणि मला ते सापडलं.

आता बोट ईशान्येला. उल्म, मग रेगेन्सबुर्ग. नदी इथे तिच्या सगळ्यात उत्तरेच्या टोकाला आहे. इथून ती आग्नेयेला वळते, आणि पासाउला दक्षिणेकडून इन नदी येऊन मिळते. इनची रेषा मागे आल्प्सपर्यंत नेऊन पाहा. ती पांढऱ्या रंगातून उतरून येते आहे, म्हणजे बर्फाचं पाणी आणते आहे. पासाउला ती डॅन्यूबइतकंच, किंबहुना थोडं जास्तच पाणी ओतते, तरी पुढे नाव डॅन्यूबचंच राहतं.

लिंझ, व्हिएन्ना आणि लगेच ब्रातिस्लाव्हा. चिठ्ठी ठेवून मोजा : दोन देशांच्या राजधान्यांमध्ये सव्वादोन सेंटिमीटर, सुमारे ५५ किलोमीटर. इथून बुडापेस्ट आणि बेलग्रेड धरून चार राजधान्या या एका रेषेवर आहेत.

बुडापेस्टच्या थोडं आधी नदी एकदम काटकोनात दक्षिणेला वळते. पुढे हंगेरीचा सपाट हिरवा प्रदेश उघडतो आणि नदी त्यातून जवळजवळ सरळ खाली उतरते. इथे आजूबाजूला फारसं काही छापलेलं नाही, आणि तोच या टप्प्याचा स्वभाव. घाई करावीशी वाटेल, करू नका. बेलग्रेडला सावा मिळते. मग पान तपकिरी व्हायला लागतं. डावीकडून कार्पेथियन, उजवीकडून बाल्कन पर्वत, आणि दोघांच्या चिमटीतून नदी निघते. हा लोखंडी दरवाजा, सर्बिया आणि रोमानियाच्या सीमेवरची घळ. इथे १९७२ साली धरण पुरं झालं. त्याच्या पाण्याखाली अडा काले नावाचं बेट गेलं, तुर्की वस्तीचं. जुना ॲटलस असेल तर तो शेजारी उघडून ठेवा. प्रमाण पुरेसं मोठं असेल तर त्यात बेट सापडेल, नव्यात तिथे नुसती निळी रेघ.

सगळ्यात छान जागा शेवटाजवळ आहे. रोमानियात चेर्नावोदा शोधा. नदी पूर्वेला वाहत आली आहे, समुद्र समोर अवघ्या ६० किलोमीटरवर, पानावर दोन बोटांच्या अंतरात आहे. आणि नदी वळते उत्तरेला! कितीतरी लांब वर जाते, गलाचला पुन्हा पूर्वेकडे वळते, मग कुठे समुद्राला मिळते. का? रंग पाहा. समुद्र आणि नदी यांच्यामध्ये दोब्रुजाचं पठार आडवं पडलंय, हिरव्यात एक पिवळट फराटा. तेवढ्या उंचवट्याने एवढी मोठी नदी वळवली. बोटीवाल्यांना हा वळसा परवडेना, म्हणून चेर्नावोदापासून थेट समुद्राकडे ६४ किलोमीटरचा कालवा खणला गेला. तो १९८४ साली सुरू झाला आणि त्याने सुमारे ४०० किलोमीटरचा फेरा वाचवला. नव्या ॲटलसमध्ये तो कालवा दिसतो का, बघा.

गलाचजवळ भिंगातून आणखी एक बारीकशी गंमत दिसते. मोल्दोव्हाचा एक निमुळता कोपरा नदीला टेकलेला आहे, पुरता एक किलोमीटरही नाही. तेवढ्यावर तो डॅन्यूबकाठच्या दहा देशांत मोजला जातो. पुढे त्रिभुज प्रदेशात तीन फाटे होतात. मधल्या फाट्याच्या टोकाला सुलिना, आणि डॅन्यूबवरचे किलोमीटर मोजतात ते तिथून, मुखापासून उगमाकडे. म्हणजे आपण उलट्या गणतीने खाली आलो.

वाटेत नावही बदलत गेलेलं असतं. डोनाउ, दुनाय, दुना, दुनाव, दुनारेआ. चांगला ॲटलस स्थानिक नावं देतो, त्यामुळे सीमा कुठे ओलांडली ते नुसत्या नावावरूनही कळतं.

दोऱ्याने मोजणं

नदी किंवा रस्ता मोजायचा तर दोरा ओला करून पिळून घ्या. तो रेषेवर बसतो. सुरुवातीला बोटाने दाबा, वळणावळणाने पुढे नेत चला, टोकाला चिमटीत धरा आणि पट्टीवर ताणून मोजा. दुसरा मार्ग कर्कटकाचा. टोकांमध्ये अर्धा सेंटिमीटर ठेवून रेषेवर पावलं टाकत जा आणि पावलं मोजा.

उत्तर खऱ्या लांबीपेक्षा कमीच येईल. डॅन्यूबचे ११४ सेंटिमीटर भरणार नाहीत. तुमची चूक नाही. लहान प्रमाणाच्या नकाशात बारीक वळणं गाळावी लागतात. पट्टी जितकी मोठी तितकी लांबी कमी, हा प्रकार देशांच्या सीमांनाही लागू आहे. इंग्रज शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसनला स्पेन-पोर्तुगाल सीमेचे दोन वेगवेगळे आकडे मिळाले होते, ९८७ आणि १,२१४ किलोमीटर. सीमा एकच होती, मोजताना ठेवलेली बारकाई वेगळी.

दोन दूरच्या शहरांतलं सरळ अंतर मात्र सपाट नकाशावर मोजूच नका. पृथ्वीगोल घ्या आणि दोरा दोन ठिपक्यांमध्ये ताणा. लंडन ते लॉस एंजेलिस ताणलेला दोरा ग्रीनलँडवरून जातो, न्यू यॉर्क ते टोकियो अलास्कावरून. गोल नसेल तर एवढं लक्षात ठेवा की उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, कुठेही. पूर्व-पश्चिम एक अंश विषुववृत्तावर तेवढाच, पण ६० अक्षांशावर निम्मा.

जुना ॲटलस

जुन्या पुस्तकांच्या ढिगात पहिली पानं फाटलेला ॲटलस सापडला तर सोडू नका. साल छापलेलं नसेल तर ते काढता येतं, आणि हा उद्योग गुप्तहेरगिरीइतका रंगतो. समजा पानावर दोन जर्मनी आहेत. म्हणजे १९९० च्या आधीचा. आफ्रिकेत रोडेशिया नाही, झिंबाब्वे आहे. म्हणजे १९८० नंतरचा. अप्पर व्होल्टाच्या जागी बुर्किना फासो आहे. म्हणजे १९८४ नंतरचा. झाला की, सहा वर्षांच्या पट्ट्यात आला. आणखी मागे जायचं तर सिलोनचं श्रीलंका १९७२ ला झालं, टांगानिका आणि झांझिबार मिळून टांझानिया १९६४ ला, पर्शियाचं इराण १९३५ ला. अलीकडे यायचं तर चेकोस्लोव्हाकिया १ जानेवारी १९९३ ला दुभंगला, आणि झैरचं १९९७ ला पुन्हा काँगो झालं. नावांपेक्षा सीमांवर जास्त भरवसा ठेवा. नवं नाव स्वीकारायचं की नाही, यात प्रकाशक कधी कधी बरीच वर्षं घालवतात.

कझाकस्तानची राजधानी पाहायला मला फार आवडतं. १९९७ पर्यंत अल्माती, मग अक्मोला, १९९८ पासून अस्ताना, २०१९ ला नूरसुलतान, २०२२ ला परत अस्ताना. छापणाऱ्यांचं काय होत असेल!

अरल समुद्रात हसू येत नाही. १९६० च्या सुमारास तो सुमारे ६८,००० चौरस किलोमीटरचा, जगातला चौथ्या क्रमांकाचा जलाशय होता. कापसाच्या शेतीसाठी त्याच्या दोन्ही नद्यांचं पाणी वळवलं गेलं. वीस-वीस वर्षांच्या अंतराचे तीन ॲटलस शेजारी ठेवा आणि एकाच निळ्या डागाकडे पाहा. तो आक्रसतो, फाटतो, तुकडे होतात. काठावर छापलेलं मुयनाक हे मासेमारीचं बंदर पाण्यापासून दूर जात जात कोरड्या जमिनीवर उरतं.

आणि काही पर्वत मुळातच नव्हते. जेम्स रेनेलने १७९८ च्या नकाशात पश्चिम आफ्रिकेत ‘काँगचे पर्वत’ आडवे काढले. प्रवाशांच्या अर्धवट माहितीवरून त्याने तो अंदाज बांधला होता. पुढच्यांनी एकमेकांचं पाहून ते उतरवले, काहींनी वाढवलेही. १८८० च्या दशकाच्या शेवटी लुई-गुस्ताव्ह बिंजे तिथे जाऊन आला आणि त्याने सांगितलं की असली रांग नाहीच. तोवर नव्वद वर्षं लोकांनी खुर्चीत बसून ते डोंगर ओलांडले होते. आपण फार पुढे गेलोय असं समजू नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्यामधलं सँडी आयलंड २०१२ सालीही नकाशांत होतं. संशोधन-जहाज तिथे गेलं तेव्हा खाली हजार मीटरांहून खोल पाणी होतं.

सुटे नकाशे

एखाद्या प्रदेशात जास्त वेळ काढायचा असेल तर त्याचा मोठ्या प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा मिळवा. १ : ५०,००० किंवा १ : २५,०००. यात समोच्च रेषा असतात, समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या. चार्ल्स हटन या गणितज्ञाने १७७४ च्या, स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराच्या प्रयोगात आकड्यांच्या जंजाळातून वाट काढायला त्या वापरल्या. डोंगराच्या वस्तुमानावरून पृथ्वीचं वजन काढायचा तो प्रयोग होता.

दोन लगतच्या रेषांत किती मीटरचं अंतर आहे ते आधी कडेला वाचा. रेषा दाटल्या की कडा, विरळ झाल्या की माळ. रेषांचं टोक चढाच्या दिशेने वळलेलं असेल तर घळ, उताराच्या दिशेने असेल तर सोंड. मग एक पायवाट धरा आणि प्रत्येक वळणावर स्वतःला विचारा : इथे उभं राहिलं तर समोरचं गाव दिसेल का, की मधली टेकडी आड येईल? उत्तर देताना तुम्ही खरोखर त्या वाटेवर असता.

घडीच्या नकाशाचा शत्रू म्हणजे घडी. फाटतो तो घड्या जिथे एकमेकींना छेदतात त्या कोपऱ्यावर. मूळ घड्या आहेत तशाच घाला, नव्या पाडू नका. फाटलंच तर साधी चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते आणि कागदाला कायमचा डाग देते. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ मागून लावा. मोठा ॲटलस उभा ठेवला तर पानांच्या भाराने बांधणीतून सुटतो, म्हणून आडवाच ठेवा, उन्हापासून लांब. जपानी अभियंता कोर्यो मिउराने अशी घडी शोधली की समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढले की अख्खा कागद एका झटक्यात उघडतो. ती १९९५ साली अंतराळात पाठवलेल्या उपग्रहाच्या पॅनेलसाठीही वापरली गेली. मी दोन नकाशांवर करून पाहिली. एक जमला.

वही

पानावर जे खटकेल ते प्रश्नाच्या रूपात लिहा आणि पान क्रमांक टाका. उत्तर लगेच शोधू नका. आधी नकाशालाच विचारा, रंगाला, शेजारच्या रेषांना. मग हवं तर पुस्तकं आणि फोन. माझ्या वहीत एक जुना प्रश्न होता : नामिबियाच्या ईशान्य कोपऱ्यातून पूर्वेकडे हे लांब बोट का निघालंय? साडेचारशे किलोमीटर लांब आणि इतकं चिंचोळं! नकाशाने अर्धं उत्तर दिलं, ते बोट झांबेझी नदीला टेकतं. उरलेलं पुस्तकांनी : १८९० च्या करारात जर्मनीने ब्रिटनकडून ही पट्टी घेतली, या नदीवाटे पूर्व किनारा गाठू या आशेने. परत नकाशाकडे गेले आणि नदीवर बोट खाली नेलं. थोड्याच अंतरावर व्हिक्टोरिया धबधबा.

पुढची चिठ्ठी मी अफगाणिस्तानच्या पानात घातली आहे, वाखानच्या पट्टीवर. सुमारे ३५० किलोमीटर लांब, म्हणजे या पानावर १४ सेंटिमीटर, आणि काही जागी अर्ध्या सेंटिमीटरहून थोडीशीच रुंद. उत्तरेला ताजिकिस्तान, दक्षिणेला पाकिस्तान, टोकाला चीन. सगळीकडे गर्द तपकिरी, वर पांढरे ठिपके. दोरा ओला करून ठेवलाय. चीनच्या सीमेवर पोचलं की घड्याळ एकदम साडेतीन तास पुढे करायचं आहे.